पेशी पेशीतूनच जन्मते हे जगाला पटवणारा विर्चो, आणि त्याच्या सावलीत राहिलेला रेमाक

परवा कांदा चिरताना बोट कापलं असेल, तर एव्हाना तिथे नवी कातडी धरायला लागली असेल. ही कातडी आली कुठून? जखमेतून जो पातळ द्रव पाझरतो तोच थिजून तिची कातडी झाली, की जखमेच्या कडेच्या जिवंत पेशी दुभंगत गेल्या आणि त्यांनी जागा भरून काढली?

आज शाळेतलं पोरही दुसरं उत्तर देईल. पण १८४० च्या सुमारास युरोपातल्या भल्याभल्यांना पहिलं उत्तर बरोबर वाटायचं. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेनने १८३८ मध्ये मांडलं आणि प्राण्यांचंही तसंच आहे हे श्वानने १८३९ मध्ये. इथवर दोघेही बरोबर होते. गडबड पुढच्या पायरीवर झाली. साखरेच्या पाकात जसे खडीसाखरेचे खडे धरतात, तशा नव्या पेशी एका द्रवात धरतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

वरवर हा पुस्तकी वाद वाटतो. पण विचार करा, एखाद्याच्या पोटात गाठ आली. ती शरीरातल्या बिघडलेल्या द्रवातून साकळली, की त्याच्याच एखाद्या पेशीची पिल्लावळ आहे? डॉक्टरने आजार कुठे शोधायचा, हे या उत्तरावर ठरणार होतं.

हा वाद ज्याच्या नावावर मिटला, तो माणूस म्हणजे रुडॉल्फ विर्चो.

विर्चोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा, प्रशियाच्या पोमेरानिया प्रांतातल्या शिवेलबाइन नावाच्या छोट्या गावातला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील शेती करायचे आणि नगरपालिकेचा हिशोब सांभाळायचे. घरी पैसा बेताचाच. पोरगा हुशार निघाला म्हणून १८३९ मध्ये त्याला बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत जागा मिळाली. शिक्षण फुकट, बदल्यात पुढे सैन्यात डॉक्टरकी करायची, असा तो सौदा होता. १८४३ मध्ये पदवी घेऊन तो बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात लागला. तिथे त्याचं काम होतं मृतदेह उघडून मरणाचं कारण शोधायचं.

या कामात त्याने जो सपाटा लावला त्याला तोड नाही. रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर येणाऱ्या आजाराला ल्युकेमिया हे नाव त्याने दिलं. पायाच्या शिरेत धरलेली गुठळी सुटून वाहत फुप्फुसात जाते आणि माणूस अचानक दगावतो, हे त्याने दाखवलं. आज हार्ट अटॅक आणि लकव्याच्या बातम्यांत जे थ्रॉम्बोसिस, एम्बोलिझम हे शब्द वाचतो, ते त्याचेच. लेख छापायला कुणी तयार होईना, तेव्हा गड्याने १८४७ मध्ये एका मित्रासोबत स्वतःचंच नियतकालिक काढलं. वय होतं २५.

आणि मग आलं १८४८.

अप्पर सायलेशिया या प्रांतात टायफसची साथ आली होती. सरकारने चौकशीला ज्या लोकांना पाठवलं त्यात विर्चो होता. तिथले लोक पोलिश बोलणारे, कमालीचे गरीब, आणि वर दुष्काळ. तो साधारण तीन आठवडे तिथे फिरला आणि परत येऊन अहवाल दिला. सरकारला औषधांची यादी अपेक्षित असावी. विर्चोने लिहिलं की या साथीचं मूळ उपासमारीत आणि अडाणीपणात आहे. त्यावर उपाय म्हणून त्याने मागितली लोकशाही, लोकांच्या स्वतःच्या भाषेत शिक्षण, रस्ते आणि न्याय्य करपद्धती. अहवाल पोचतोय तोवर मार्चमध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर क्रांतीचे अडथळे उभे राहिले, आणि त्यामागे उभं राहणाऱ्यांत हा डॉक्टरही होता.

क्रांती फसली. १८४९ मध्ये त्याच्यावर कारवाई झाली आणि त्याच वर्षी त्याला बर्लिन सोडून व्यूर्त्सबुर्गच्या विद्यापीठात जावं लागलं. ती शिक्षा त्याच्या पथ्यावरच पडली म्हणायची. राजकारण बाजूला पडलं आणि सात वर्षं सूक्ष्मदर्शक हाती राहिला.

आता गोष्टीत दुसरा माणूस येतो. रॉबर्ट रेमाक. विर्चोपेक्षा सहा वर्षांनी मोठा, पोझनचा ज्यू. प्रशियात त्या काळी ज्यू माणसाला विद्यापीठात शिकवायची परवानगी नव्हती. बाप्तिस्मा घेतला की दार उघडायचं, आणि बरेचजण घेतही असत. रेमाकने घेतला नाही. शेवटी १८४७ मध्ये खुद्द राजाच्या परवानगीने त्याला बर्लिनमध्ये शिकवता आलं, पण साध्या अध्यापकाच्या पायरीवर.

या रेमाकने १८४१ मध्येच कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणाच्या रक्तपेशी दुभंगताना पाहिल्या होत्या. वनस्पतींमध्ये असं काही आधीच इतरांनी पाहिलं होतं, पण प्राण्यांबाबत शंका काढायला खूप जागा होती. पेशीभोवतीचं पातळ आवरण त्या काळच्या भिंगांतून धड दिसायचं नाही. त्यामुळे एका पेशीच्या दोन झाल्या, की दोन आधीपासूनच चिकटून होत्या, हे सांगणार कसं? रेमाक घाईने बोलला नाही. त्याने बेडकाची अंडी घेतली. फलित अंडं म्हणजे एकच पेशी. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. रसायनांनी आवरण कडक करून त्याने प्रत्येक पायरी तपासली. दर वेळी आवरण आत वळतं आणि पेशी दुभागते. मधल्या मोकळ्या द्रवात नवी पेशी धरलेली कुठेच नाही.

जवळपास दहा वर्षांनी, १८५२ मध्ये, त्याने हे ठामपणे मांडलं: प्राण्यांतल्या पेशी फक्त आधीच्या पेशींच्या विभाजनातून येतात, आणि रोगट गाठींच्या पेशीही त्याला अपवाद नाहीत.

विर्चो तोवर द्रवातून पेशी धरण्याच्या कल्पनेबरोबर वाढला होता. हळूहळू त्याचं मत फिरलं. १८५५ मध्ये त्याने आपल्या नियतकालिकात लेख लिहिला आणि प्रत्येक पेशी पेशीतूनच येते हा विचार छोट्याशा लॅटिन सूत्रात बांधून टाकला. सूत्राचे शब्द फ्रान्सच्या रास्पाय नावाच्या शास्त्रज्ञाने त्याआधीच वापरले होते. पुरावा रेमाकचा होता. लेखात रेमाकचं नाव नव्हतं.

रेमाकने पत्र लिहून त्याला जाब विचारला. फरक फारसा पडला नाही. १८५६ मध्ये विर्चो प्राध्यापक होऊन बर्लिनला परतला, त्याच्यासाठी खास संस्था उभी राहिली. १८५८ मध्ये त्याची वीस व्याख्यानं पुस्तकरूपाने आली आणि सूत्र जगभर गेलं. रेमाकला १८५९ मध्ये कशीबशी दुय्यम प्राध्यापकी मिळाली, आणि १८६५ मध्ये वयाच्या पन्नाशीत तो वारला.

विर्चो निव्वळ उचलेगिरी करणारा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. रेमाक भ्रूणाचा अभ्यासक होता. विर्चोने तो नियम प्रत्येक रुग्णाच्या खाटेपर्यंत नेला. सूज, पू, गाठ, सगळं काही शरीरातल्याच पेशी बिघडल्याने होतं, असं त्याने हजारो शवविच्छेदनांच्या जोरावर दाखवलं. आज गाठीचा तुकडा काढून लॅबमध्ये पाठवतात आणि आपण रिपोर्टची वाट बघत बसतो, ती पद्धत या विचारावरच उभी आहे. तरीही एक ओळ लिहून रेमाकचं देणं मान्य करायला त्याचं काय जात होतं, हा प्रश्न उरतोच. कारण हाच माणूस पुढे ज्यूद्वेषाविरुद्ध उघडपणे उभा राहिला. १८८० च्या जाहीर निवेदनावर त्याची सही आहे. शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदवणारी प्रचंड पाहणी त्याने केली, सुमारे ६७ लाख मुलांची. शुद्ध जर्मन वंशाची कल्पना तिने खिळखिळी केली. कित्येक जर्मन मुलं काळ्या केसांची निघाली आणि कित्येक ज्यू मुलं सोनेरी केसांची.

बाकीचं आयुष्य म्हणजे एका माणसात चार माणसं. १८५९ पासून बर्लिनचा नगरसेवक, पुढे आमदार. शहराची भूमिगत गटारं व्हावीत म्हणून त्याने जीव तोडून भांडण केलं आणि इंजिनिअर होब्रेख्टच्या आराखड्यावर ती झाली. १८६५ मध्ये बिस्मार्कने त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, हे खरं. विर्चोने शस्त्र म्हणून दोन सॉसेज निवडले आणि त्यातल्या एकात जंतांची अंडी होती, ही जी गोष्ट फॉरवर्ड होत असते, तिला मात्र पुरावा नाही. त्याने सरळ नकार दिला होता.

तो चुकलाही, आणि मोठ्या आवाजात चुकला. निअँडरथल माणसाची हाडं त्याला आजारी माणसाची वाटली. आजाराचं मूळ पेशीतच शोधायची इतकी सवय लागली होती की बाहेरून येणारे जंतू स्वीकारणं त्याला जड गेलं.

सगळ्यात महागात पडलेला प्रसंग १८८७ चा. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा घसा बसला होता. स्वरयंत्रातला तुकडा काढून विर्चोकडे आला. पेशींवरून रोग ओळखण्याचं शास्त्र ज्याने उभं केलं त्याच्याकडेच. मिळालेल्या तुकड्यात कर्करोग नाही, असं त्याने कळवलं. त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाला आणि ९९ दिवसांत गेला. कर्करोगच होता. तुकडा चुकीच्या जागचा होता की नजर चुकली, यावर डॉक्टर आजही वाद घालतात.

मधल्या काळात पेशीविभाजनाची गोष्ट विर्चोला सोडून पुढे निघून गेली होती. आधी केंद्रक दुभागतं आणि मग पेशी, एवढंच रेमाकला दिसलं होतं. कील शहरात वाल्थर फ्लेमिंगने सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवल्या आणि केंद्रकाच्या आत धागे पाहिले. हे धागे उभे चिरतात आणि एकेक अर्धा भाग दोन्ही नव्या पेशींत जातो. १८८२ च्या पुस्तकात त्याने या प्रक्रियेला मायटोसिस नाव दिलं. त्या धाग्यांना क्रोमोसोम, म्हणजे आपण ज्यांना गुणसूत्रं म्हणतो, हे नाव १८८८ मध्ये बर्लिनच्याच वाल्डेयरने दिलं.

जानेवारी १९०२ मध्ये ८० वर्षांच्या विर्चोने चालत्या ट्राममधून उडी मारली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. त्यातून तो पुरता सावरला नाही. ५ सप्टेंबर १९०२ ला तो गेला. त्याने पंचविशीत काढलेलं नियतकालिक त्याच्या नावाने आजही निघतं. रेमाकचं नावही वैद्यकीच्या पुस्तकात सापडतं, पण ते मज्जातंतूंच्या प्रकरणात. त्याने शोधलेल्या एका प्रकारच्या तंतूंना रेमाकचे तंतू म्हणतात.