कार्ल फॉन फ्रिश

कार्ल रिटर फॉन फ्रिश (२० नोव्हेंबर, १८८६:व्हिएन्ना, ऑस्ट्रिया - १२ जून, १९८२:म्युनिक, जर्मनी) हे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ होते. मधमाश्यांच्या नृत्यभाषेचा उलगडा केल्याबद्दल ते ओळखले जातात. कोनराड लोरेन्झ व निकोलास टिनबर्गन यांच्यासमवेत त्यांना १९७३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फ्रिश यांचे वडील शल्यचिकित्सक होते. आईच्या एक्सनर घराण्यात प्राध्यापकांची परंपरा होती. रोस्टॉक व ब्रेस्लाउ येथे अध्यापन केल्यानंतर १९२५ मध्ये ते म्युनिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. मधमाश्यांच्या जीवनावरील त्यांचे सुबोध पुस्तक १९२७ मध्ये प्रकाशित झाले.

नोसेमाची साथ

नाझी राजवटीत ज्यू सहकाऱ्यांना थारा दिल्याचा आरोप फ्रिश यांच्यावर झाला. त्यांची आजी (आईची आई) ज्यू वंशाची असल्याचे कारण पुढे करून जानेवारी १९४१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने त्यांना सेवेतून काढण्याचा निर्णय कळविला. त्याच सुमारास जर्मनीत नोसेमा रोगाने मधमाश्यांच्या लाखो वसाहती नष्ट होत होत्या. हा परजीवी प्रौढ माशीच्या आतड्यात वाढतो. त्याचे बीजाणू विष्ठेवाटे पोळ्यावर पडतात आणि पोळे साफ करणाऱ्या कामकरी माश्यांच्या पोटात जातात. हिवाळ्यात माश्या दीर्घकाळ पेटीतच राहत असल्याने संसर्ग बळावतो. रोगट कामकरी माश्या लवकर मरतात व वसंतऋतूत वसाहत रोडावते. परागीभवन घटल्यास फळे व तेलबियांचे उत्पन्न बुडेल, ही युद्धकाळातील सरकारची खरी चिंता होती. अन्न मंत्रालयाने या रोगाचे संशोधन फ्रिश यांच्याकडे सोपविले. मार्टिन बोर्मानच्या संमतीने त्यांची सेवानिवृत्ती युद्धसमाप्तीपर्यंत लांबणीवर पडली. मधपाळांवर संकट आणणाऱ्या साथीनेच अशा प्रकारे त्यांचे पद वाचविले.

रूथ बॉयटलर या सहकारी संशोधिकेनेही नोसेमावर काम केले. मात्र या रोगावर परिणामकारक ठरलेले फ्युमॅजिलिन हे प्रतिजैविक त्यानंतर, १९५२ मध्ये, कॅनडातील संशोधकांनी पुढे आणले.

याच काळात फ्रिश यांनी मधपाळ व शेतकऱ्यांसाठी गंधाद्वारे माश्यांना वळविण्याची पद्धत विकसित केली. हव्या त्या पिकाच्या फुलांचा गंध दिलेले साखरपाणी पाजल्यास माश्या त्या पिकाकडे जातात. या पद्धतीवरील त्यांचे पुस्तक १९४७ मध्ये निघाले.

नृत्यभाषा

बॉम्बहल्ल्यांमुळे काम व्होल्फगांग सरोवराकाठच्या ब्रुनविंकल या त्यांच्या कौटुंबिक निवासस्थानी हलवावे लागले. वर्तुळाकार नृत्य मकरंदासाठी व डोलनृत्य परागासाठी, असे फ्रिश १९२० च्या दशकापासून मानत होते. १९४४-४५ मधील प्रयोगांनी हे मत त्यांनी स्वतःच खोडून काढले. वर्तुळाकार नृत्य जवळच्या अन्नासाठी, तर डोलनृत्य दूरच्या अन्नासाठी असते. त्यात सूर्याच्या संदर्भाने दिशा आणि नृत्याच्या गतीने अंतर सांगितले जाते, असे त्यांनी दाखविले.

१९४६ मध्ये ते ग्राझला गेले व १९५० मध्ये म्युनिकला परतले. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले. नृत्यभाषेवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.