सर वॉल्टर इलियट : लांडगा, कोळसून आणि मेत्तड



कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा इतिहास आपण सर्वांनी वाचला आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापाशी धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्याचे दोन तरुण मदतनीस मात्र राणींच्या लोकांच्या हाती जिवंत सापडले, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एक स्टीव्हन्सन, दुसरा वॉल्टर इलियट. इलियटचे वय अवघे एकवीस. सुमारे सहा आठवडे ते कैदेत होते. त्यांना चांगली वागणूक मिळाली आणि सुखरूप सोडण्यात आले. पुढे इंग्रजांनी कित्तूर घेतले, राणींना बैलहोंगलच्या किल्ल्यात डांबले आणि १८२९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. इलियट नोकर होता तो याच कंपनी सरकारचा. हे झाकून ठेवून त्याचे गुणगान करणे आम्हास पटत नाही. पण त्याने केलेले काम आपल्या मुलखाचे आहे, म्हणून ते आपल्याला माहीत असावे.

इलियटचा जन्म १८०३ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. सुटकेनंतर १८३३ पर्यंत तो याच भागात राहिला. त्या वेळी बेळगाव व धारवाडच्या प्रदेशास इंग्रज दक्षिण मराठा देश म्हणत. येथील सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३९ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात छापली. तो शिकारी होता, हेही सांगितले पाहिजे. प्राण्यांचा माग काढण्याची सवय त्याला शिकारीतूनच लागली. पण निव्वळ शिकाऱ्याला धनगर आणि शेतकरी काय म्हणतात ते लिहून ठेवण्याची गरज वाटत नसते. इलियटने प्राण्यांची मराठी, कानडी, दखनी नावेसुद्धा टिपली.

लांडगा आणि कोळसून यांत पुष्कळांची गल्लत होते. लांडगा करड्या-भुऱ्या रंगाचा, उघड्या माळाचा. कोळसून म्हणजे रानकुत्रा तांबूस, शेपटी झुबकेदार व काळसर, राहतो जंगलात. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला लांडग्याला तीन दाढा असतात, कोळसुनाला दोनच. चिंकाऱ्यांच्या मागे धावणारे लांडगे इलियटने स्वतः पाहिले. तीन लांडग्यांनी कळप ओहोळाकडे हाकलला आणि तेथे दबा धरून बसलेल्या दोघांनी मादी पकडली, अशी एक नोंद त्याने दिली आहे. लांडगा माळावर खड्डा उकरून त्यात लपतो, हे मात्र शेतकरी मानतात एवढेच त्याने लिहिले. कोळसुनांची टोळी वाघालाही मारते, हेही लोकांचे म्हणणे म्हणूनच नोंदवले. डोळ्यांनी पाहिलेले वेगळे आणि कानांनी ऐकलेले वेगळे ठेवण्याची ही शिस्त आम्हास फार मोलाची वाटते. कोळसून या भागात अलीकडेच दिसू लागला, असेही त्याने लिहून ठेवले. आज खानापूरकडे भीमगडच्या जंगलात तो आहे.

आफ्रिकेतील गोरिलांचा माग काढणारे लोक आपण टीव्हीवर पाहतो. डोंगरातला गोरिला कोणता, सखल रानातला कोणता, हे आता मुलेही सांगतात. परंतु इलियटची यादी छापली गेली तेव्हा गोरिलाचे शास्त्रीय वर्णनच झालेले नव्हते. ते १८४७ मध्ये झाले.

उंदरांची हकीकत तर आमच्या शेतकरी पालकांनी जरूर वाचावी. १८२६ मध्ये शेतातल्या मऊ केसांच्या उंदरांनी इतका उच्छाद मांडला की पेरलेले पीक हातचे गेले. शेतकऱ्यांनी वडारांना बोलावले. अमुक डझन उंदरांना अमुक माप धान्य, असा दर ठरला. हजारो उंदीर मेले, तरी संख्या कमी झाल्याचे जाणवेना. या उंदराचे स्थानिक नाव मेत्तड.

पुढे मद्रासेत इलियट मोठ्या पदांवर चढला. १८४५ मध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे त्याने खणून काढली. आपल्या भागातील ५९५ शिलालेख व ताम्रपटांच्या नकला जमवल्या. चार्ल्स डार्विनला त्याने भारतातील कबुतरांचे नमुने पाठवले आणि डार्विनने १८५९ च्या ग्रंथात त्याचे आभार मानले. अखेरच्या काळात दृष्टी जवळजवळ गेली असतानाही दक्षिण भारतातील नाण्यांवरचा ग्रंथ त्याने पुरा केला. १ मार्च १८८७ रोजी स्कॉटलंडमध्ये त्याचे निधन झाले.

त्या उंदराचे शास्त्रीय नाव आज मिलार्डिया मेल्टाडा असे आहे. मेत्तड या शब्दाचेच हे रूप. तो उच्चार इलियटला सांगणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोठेही लिहिलेले नाही.