सम्राट फ्रेडरिक तिसरे: घशातली गाठ आणि स्कॅन नसलेला काळ

घशाच्या कॅन्सरचे निदान झाले, की बायोप्सीनंतरही डॉक्टर सीटी किंवा एमआरआय करायला सांगतात. 'तुकडा तपासून झाला, मग स्कॅन कशाला?' हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. जर्मनीचे सम्राट फ्रेडरिक तिसरे यांच्या आजाराची हकिकत वाचली, तर त्याचे उत्तर मिळेल.

फ्रेडरिक यांचा जन्म १८३१ चा. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे ते थोरले जावई. युवराज असताना, जानेवारी १८८७ मध्ये, त्यांचा आवाज बसला आणि सुधारेना. मार्चमध्ये डॉ. गेरहार्ट यांना आरशातून डाव्या स्वरतंतूवर लहान गाठ दिसली. त्यांनी ती काढली, जाळली; पण ती पुन्हा वाढली.

मे महिन्यात सर्जन बेर्गमान यांनी गळा बाहेरून उघडून गाठ काढायचे ठरवले. त्याआधी लंडनचे घशाचे तज्ज्ञ मॅकेन्झी यांना बोलावले गेले. त्यांनी आधी तुकडा तपासा, असा आग्रह धरला. नामवंत पॅथॉलॉजिस्ट फिर्खो यांना त्यात कॅन्सर दिसला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली.

नोव्हेंबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे कॅन्सर असल्याचे स्पष्ट झाले. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचा पर्याय फ्रेडरिक यांनी नाकारला. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास कोंडू लागल्याने गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागली. मार्चमध्ये ते सम्राट झाले, तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते. ते चिठ्ठ्या लिहून कारभार पाहत. अवघ्या ९९ दिवसांनी, १५ जून १८८८ रोजी, त्यांचे निधन झाले. राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ मध्ये.

आरशातून फक्त पृष्ठभाग दिसतो. बायोप्सी जिथून तुकडा घेतला तिथले सांगते. गाठ आत किती खोल गेली, हे त्या डॉक्टरांना पाहताच येत नव्हते. वेळीच शस्त्रक्रिया केली असती तर फ्रेडरिक वाचले असते का, यावर आजही वाद आहे.

आज स्कॅनमुळे काय ठरते?

- सीटी स्कॅन: गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेत किंवा जबड्याच्या हाडात शिरली आहे का, मानेतल्या गाठी वाढल्या आहेत का, हे कळते.
- एमआरआय: जीभ, स्नायू, नसा अशा मऊ भागांत आजार कुठवर पोचला आहे ते दिसते.
- पेट-सीटी: आजार शरीरात इतरत्र पसरला आहे का, हे पाहण्यासाठी. रेडिएशन आणि किमो झाल्यावर साधारण १२ आठवड्यांनी आजार उरला आहे का, हेही यातून तपासतात.

गाठ स्वरतंतूपुरती असेल, तर लेझर किंवा रेडिएशनने आवाज राखता येतो. ती कूर्चा भेदून बाहेर आली असेल, तर बहुधा स्वरयंत्र काढण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे बायोप्सी सांगते आजार कोणता. स्कॅन सांगतो तो कुठवर. बायोप्सीत कॅन्सर दिसला नाही, पण लक्षणे आणि स्कॅन संशय दाखवत असतील, तर डॉक्टर पुन्हा तुकडा घ्यायला सांगू शकतात. त्याला टाळाटाळ करू नका.

स्कॅननंतर डॉक्टरांना विचारा: आजार कोणत्या स्टेजला आहे? हाड किंवा कूर्चेपर्यंत गेला आहे का? आवाज आणि गिळणे राखणारा उपचार शक्य आहे का?

आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर घरगुती काढ्यांवर थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.