संत बर्नार्ड व त्यांचे शिष्य

जुबिलीच्या मंडपाच्या व वर्गणीच्या धांदलींत आम्हांस संत बर्नार्ड यांची आठवण होते. सन १११५ त त्यांनीं फ्रान्स देशांत क्लेर्व्हो येथें मठ स्थापिला. त्यांचेच एक शिष्य सन ११४५ त तिसरे युजीन या नांवानें पोप झाले. दरबारीं दाव्यांची व वकिलांची गर्दी दिवसभर हटेना. तेव्हां गुरूंनीं ग्रंथ लिहून बजाविलें कीं, असल्या कामांत बुडून ध्यानास सवड न उरल्यास अंतःकरण दगडासारखें होतें, आणि तें झालेलें कळतही नाहीं.

बर्नार्ड स्वतः तरी कोठें स्वस्थ होते? सन ११४६ त क्रूसयुद्धासाठीं ते गांवोगांव फिरले. तें युद्ध फसलें. आपण ना धड मठवासी, ना धड प्रापंचिक, अशी कबुली त्यांनीं एका पत्रांत दिली आहे; आम्हांस ती उपदेशाहूनही मोलाची वाटते. सन ११५३ त जुलैंत शिष्य व आगस्टांत गुरू निवर्तले.