गॅसबत्तीचे जनक कार्ल आउअर

लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसे आपल्या ज्येष्ठ सभासदांना आठवत असतील. त्या बत्तीतले मँटल, म्हणजे बोट लागताच भुगा होणारी ती पांढरी जाळी, कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधून काढली. आज विजेवरच्या गाड्या आणि पवनचक्क्यांच्या निमित्ताने ज्या निओडिमियमचे नाव कानावर येते, तेही प्रथम त्यांनीच वेगळे केले. म्हणून या वेळी त्यांची ओळख आम्ही करून देत आहोत.

आउअर यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील तेथील शाही मुद्रणालयाचे संचालक होते. हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे शिकताना त्यांना दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा ध्यास लागला.

या मूलद्रव्यांचे नाव फसवे आहे. निओडिमियम जमिनीत शिशापेक्षाही अधिक आहे. पण ही सारी भावंडे खनिजात एकत्र नांदतात आणि त्यांचे गुणधर्म इतके सारखे असतात की त्यांना वेगळे करणे हेच मोठे काम. डिडिमियम, म्हणजे जुळे, हे त्या काळी एकच मूलद्रव्य समजले जाई. आउअर यांनी त्याचे क्षार पुन्हा पुन्हा विरघळवले आणि पुन्हा पुन्हा त्यांचे स्फटिक केले. १८८५ मध्ये त्यातून दोन मूलद्रव्ये निघाली: हिरवट क्षारांचे प्रॅसिओडिमियम आणि गुलाबी क्षारांचे निओडिमियम.

त्याच वर्षी त्यांनी मँटलचे पेटंट घेतले. पहिली मँटल नाजूक निघाली, प्रकाशही हिरवट पडे, आणि धंदा बसला. आउअर यांनी प्रयोग सोडले नाहीत. १८९१ मध्ये सुमारे ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सीरियम यांच्या ऑक्साइडांचे मँटल तयार झाले आणि ते जगभर गेले.

थोरियम मिळे मोनाझाइट वाळूतून. ही वाळू पुढे आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरही सापडली. थोरियम काढून घेतल्यावर उरलेल्या मालाला गिऱ्हाईक नव्हते. त्यातल्या सीरियममध्ये लोखंड मिसळून आउअर यांनी १९०३ मध्ये ठिणगी पाडणाऱ्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. लायटरमधला खडा तो हाच. ४ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

निओडिमियमला मात्र मोठे काम मिळायला जवळपास शंभर वर्षे लागली. १९८० च्या दशकात निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे अतिशय शक्तिशाली चुंबक तयार झाले. लहान आकारात मोठी ताकद असल्याने विजेवरच्या अनेक गाड्यांच्या मोटारींत आणि बऱ्याच पवनचक्क्यांच्या जनित्रांत ते वापरतात.

आपल्या किनाऱ्यांवर मोनाझाइट भरपूर आहे. त्यातील थोरियम किरणोत्सारी असल्याने त्यावर सरकारी नियंत्रण असते, आणि १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स या नावाने स्थापन झालेली सरकारी कंपनी ते हाताळते. तरी चुंबकांसाठी आपण मुख्यतः चीनवर अवलंबून आहोत, कारण मूलद्रव्ये वेगळी करण्याचे आणि त्यांचे चुंबक बनवण्याचे बहुतेक कारखाने तिथे आहेत. वाळू हाती असून भागत नाही, ती निवडण्याची विद्याही हाती असावी लागते. आउअर यांनी आयुष्यभर तीच विद्या जोपासली. आपल्या घरातील रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना त्यांची ही गोष्ट जरूर सांगावी, असे आम्हाला वाटते.