इनॉक पॉवेल : ज्यांना भारताचे व्हाइसरॉय व्हायचे होते

इंग्लंडमध्ये स्थलांतरितांविरुद्ध कोणी बोलू लागले की आजही एक नाव हमखास निघते, इनॉक पॉवेल. उजव्यांच्या लेखी ते द्रष्टे, डाव्यांच्या लेखी वंशद्वेष्टे. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. पण या माणसाच्या विचारांची घडण काही प्रमाणात भारतात झाली, आणि त्यांच्या भाषणाचा रोख ज्यांच्यावर होता त्यांत आंबेडकरी माणसेही होती. म्हणून ही ओळख.

जन्म १६ जून १९१२, बर्मिंगहॅम. वडील शाळेचे हेडमास्तर, आई लग्नापूर्वी शिक्षिका. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून पंचविशीतच ते सिडनी विद्यापीठात ग्रीक भाषेचे प्राध्यापक झाले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या शब्दांचा कोश त्यांनी तयार केला. १९३९ साली युद्ध सुरू होताच प्राध्यापकी सोडून साधे शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले आणि १९४४ पर्यंत ब्रिगेडियर झाले. बुद्धीबद्दल शत्रूंनीही कधी शंका घेतली नाही.

१९४३ मध्ये ते लष्करी गुप्तवार्ता विभागात काम करायला भारतात आले. इथे त्यांचे मन जडले. उर्दू शिकले. राजकारणात जायचे, तर एक दिवस भारताचे व्हाइसरॉय होण्यासाठी, हे त्यांनी ठरवून टाकले. १९४७ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान ॲटली यांनी सत्तांतराची घोषणा केली, त्या रात्री पॉवेल लंडनच्या रस्त्यांवरून सुन्न होऊन भटकत राहिले. भारतावरचे प्रेम खरे होते, पण ते मालकाचे प्रेम होते.

भारतातून त्यांनी आणखी एक गोष्ट नेली, असे मला वाटते. इंग्रज अधिकारी भारताकडे माणसांचा देश म्हणून पाहत नसत. जनगणनेच्या रकान्यांतून, जमातींची बेरीज म्हणून पाहत. हिंदू इतके, मुसलमान इतके, शीख इतके. प्रत्येक जमात एकगठ्ठा आणि दुसरीच्या विरुद्ध उभी. जातीयवाद हा भारतात शिकलेला धडा पॉवेल पुढे आयुष्यभर इंग्लंडला सांगत राहिले.

१९५० मध्ये ते वुल्व्हरहॅम्प्टन साउथ वेस्टमधून हुजूर पक्षाचे खासदार झाले. सरकारी खर्च वाढतो म्हणून १९५८ मध्ये अर्थखात्यातले पद सोडले. १९६० ते १९६३ आरोग्यमंत्री होते. त्याच काळात ब्रिटनची सरकारी इस्पितळे भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांवर आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या परिचारिकांवर मोठ्या प्रमाणात विसंबून होती.

त्यांना न्यायाने तोलायचे तर १९५९ विसरता येत नाही. केनियातल्या होला छावणीत त्या मार्चमध्ये ११ आफ्रिकी कैदी पहारेकऱ्यांच्या मारहाणीत मेले. प्रशासनाने आधी पिण्याच्या पाण्यावर खापर फोडले. सरकार पॉवेल यांच्याच पक्षाचे होते, तरी जुलैमध्ये रात्री उशिरा संसदेत उभे राहून त्यांनी ते फाडून काढले. मेलेले कैदी कोण होते, कसे होते, यावरून त्यांच्या जिवाची किंमत ठरत नाही. ब्रिटनमध्ये एक न्याय आणि आफ्रिकेत दुसरा असे चालणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षीयांनीही ते भाषण मानले.

नऊ वर्षांनी, २० एप्रिल १९६८ रोजी, त्यांनी बर्मिंगहॅमच्या मिडलँड हॉटेलात भाषण केले. रक्ताच्या नद्या हे त्याचे नाव वृत्तपत्रांनी पाडले. तसे शब्द भाषणात नाहीत, व्हर्जिल या रोमन कवीच्या काव्यातला रक्ताने फेसाळलेल्या नदीचा संदर्भ आहे. नवे लोक येणे थांबवा, आलेल्यांना पैसे देऊन परत पाठवा, आणि घर-नोकरीत वंशभेद करण्यास बंदी घालणारे विधेयक आणू नका, ही त्यांची मागणी. एका गोऱ्या वृद्ध विधवेला कृष्णवर्णीय शेजाऱ्यांनी छळल्याची कथा त्यांनी एका पत्रावरून सांगितली. पत्रकारांनी तिला शोधले, ती सापडली नाही. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बसवर काम करणाऱ्या शिखांचा पगडी-दाढीचा आग्रहही त्यांना धोक्याची खूण वाटला. पुढच्या वर्षी पगडीला परवानगी मिळाली आणि बसगाड्या पूर्वीसारख्याच धावत राहिल्या.

पक्षनेते हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना काढले. पण तीन दिवसांनी लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या बाजूने संसदेवर चालून गेले. हे कामगार मजूर पक्षाचे हक्काचे मतदार. गॅलपच्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी भाषणाशी सहमती दाखवली. घरे कमी, शाळांत गर्दी, आणि या साऱ्याबद्दल आपल्याला कोणी विचारलेच नाही, ही भावना खरी होती. पॉवेल यांचा डाव्यांवरचा हा आरोप मला खोडता येत नाही. वस्तीत काम करणाऱ्याला हे रोज दिसते: पाण्याचा टँकर दोनऐवजी एक आला की बोट नव्याने आलेल्या बिऱ्हाडाकडे जाते, पालिकेकडे नाही. पॉवेल यांनी तेच बोट अधिक जोरात दाखवले. घरे बांधायला पैसे का नाहीत, हा प्रश्न सरकारी खर्चावर राजीनामा दिलेल्या माणसाने विचारला नाही.

मजूर पक्षही धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांच्या सरकारने ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या केनियातल्या आशियाई लोकांना रोखणारा कायदा तीन दिवसांत संमत करून घेतला होता.

आता आपल्या माणसांविषयी. पॉवेल ज्यांना एकगठ्ठा मोजत होते त्यांत पंजाबातून आलेले जाट होते, तसे रविदासी आणि आंबेडकरी दलितही होते. एकाच फाउंड्रीत घाम गाळत, पण जात बोटीतून बरोबर आलेली. गावातली पायरी मागे टाकून निव्वळ माणूस म्हणून जगायला जे निघाले होते, त्यांना पॉवेल यांनी पुन्हा जमातीच्या रकान्यात बसवले. होलातल्या कैद्यांना माणूस म्हणून पाहणाऱ्या डोळ्यांना स्वतःच्या मतदारसंघात ते दिसले नाहीत. त्यांच्या विरोधकांनीही आशियाई समाज असा एकच शब्द वापरून हीच चूक केली. २०१० च्या समानता कायद्यात जातिभेदबंदी घालण्याची वाट ठेवली होती. २०१८ मध्ये हुजूर सरकारने ती बाजूला सारली. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये आज पंजाबी आंबेडकरी बौद्धांचा विहार आहे.

त्यांचे चाहते म्हणतात, अंदाज खरा ठरला. २००० सालापर्यंत स्थलांतरित व त्यांची मुलेबाळे ५० ते ७० लाख होतील असे ते म्हणाले होते; २००१ च्या जनगणनेत वांशिक अल्पसंख्याक सुमारे ४६ लाख भरले. आकडा फारसा चुकला नाही, निष्कर्ष चुकला. दंगली झाल्या, पण त्यांनी भाकीत केलेली यादवी झाली नाही.

आजचे उजवे त्यांना पाश्चात्त्य संस्कृतीचे रक्षक म्हणतात, तेही जुळत नाही. पॉवेल यांना अमेरिका आवडत नसे. युरोपीय सामायिक बाजारपेठेला त्यांचा इतका विरोध की १९७४ मध्ये त्यांनी मतदारांना मजूर पक्षाला मत देण्याचे सुचवले. त्यांची ओळख पश्चिम नव्हती, इंग्लंडचा राजमुकुट आणि संसद होती. पुढे १९८७ पर्यंत ते उत्तर आयर्लंडमधून खासदार राहिले. ८ फेब्रुवारी १९९८ रोजी वारले आणि ब्रिगेडियरच्या गणवेशात त्यांना वॉरिक येथे पुरण्यात आले. बारा वर्षांनी त्यांच्या जुन्या मतदारसंघातून हुजूर पक्षाच्याच तिकिटावर पॉल उप्पल हे पंजाबी शीख कुटुंबातले उमेदवार निवडून आले.