कादंबरीकाराचा कुलवृत्तान्त

चीन देशाच्या वाङ्मयात ‘लाल महालातील स्वप्न’ या कादंबरीस अत्यंत मानाचे स्थान आहे. एका मोठ्या घराण्याच्या वैभवाची आणि ऱ्हासाची ती कथा आहे. तिचा कर्ता त्साओ शुए-छिन हा अठराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या या एका ग्रंथाच्या अभ्यासात अनेक विद्वानांनी आपले आयुष्य वेचले. तरीही या थोर लेखकाचा पिता कोण, या साध्या प्रश्नावर त्यांचे आजवर एकमत झालेले नाही.

त्साओ घराणे मूळचे चिनी होते. पण चीन जिंकणाऱ्या मांचू राजघराण्याचे ते वंशपरंपरागत दास होते. असे दास राजाच्या खास विश्वासातले असत व मोठमोठ्या अधिकारपदांवरही चढत. शुए-छिनची पणजी तर खांग-शी बादशहाला लहानपणी सांभाळणारी दाई होती. तिच्या पतीची, म्हणजे त्साओ शी याची, १६६३ साली नानजिंग येथील शाही रेशमी वस्त्रांच्या कारखान्यांवर नेमणूक झाली. बादशहाच्या वाड्यात लागणारी उंची वस्त्रे तेथे विणली जात. पुढे त्याचा पुत्र त्साओ यिन १६९२ साली त्याच जागेवर आला.

त्साओ यिन हा शुए-छिनचा आजोबा. तो विद्वान, रसिक आणि ग्रंथप्रेमी होता. थांग राजवटीतील सुमारे ४९,००० कवितांच्या प्रचंड संग्रहाचे काम बादशहाने १७०५ साली त्याच्यावरच सोपविले. खांग-शी बादशहा दक्षिणेच्या दौऱ्यावर येई, तेव्हा त्याचे आदरातिथ्य त्साओ यिनच करी. १६९९ ते १७०७ या काळात असा मान त्याला चार वेळा मिळाला. परंतु बादशहाचे आगमन म्हणजे पाण्यासारखा पैसा खर्च होणे! त्या खर्चापायी सरकारी खजिन्यात तूट पडली आणि ती भरून काढता काढता घराणे कर्जात बुडाले.

१७१२ साली त्साओ यिनला हिवताप झाला. हे कळताच बादशहाने जलद घोडेस्वाराबरोबर सिंकोनाचे औषध पाठविले; पण ते पोहोचण्यापूर्वीच त्याचे प्राण गेले होते. त्याचा मुलगा त्साओ युंग कारखान्याचा अधिकारी झाला. दुर्दैवाने तोही १७१५ सालाच्या प्रारंभी ऐन तारुण्यात मरण पावला. घराण्याचा आधारच तुटला. तेव्हा बादशहाने स्वतः लक्ष घालून त्साओ यिनचा पुतण्या त्साओ फू यास त्याच्या विधवेच्या ओटीत दत्तक दिले आणि कारखान्याचा कारभारही त्याच्याकडे सोपविला.

पित्याच्या शोधाची खरी सुरुवात येथूनच होते. त्याच वर्षी त्साओ फूने बादशहाला एक पत्र लिहिले. आपली भावजय सात महिन्यांची गर्भवती आहे आणि मुलगा झाल्यास दिवंगत भावाला वारस लाभेल, असे त्याने त्यात कळविले होते. हे पत्र राजवाड्याच्या दप्तरात जपून राहिले. मात्र त्यापुढे त्या बाळाची वार्ता दप्तरात आढळत नाही. पित्याचे मुखही न पाहिलेले ते बालक म्हणजेच शुए-छिन, असे काही विद्वान मानतात. शुए-छिन हा दत्तक आलेल्या त्साओ फूचा मुलगा होय, असे इतरांचे मत आहे. चिनी पंडित हू शी याने १९२१ साली शुए-छिन हा त्साओ यिनचा नातू असल्याचे दाखवून दिले. त्यानेही त्साओ फू यालाच त्याचा पिता मानले होते.

दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत. शुए-छिनचा मृत्यू १७६३ किंवा १७६४ साली झाला. मृत्युसमयी त्याचे वय चाळीस वर्षांचे होते, असे दुन छंग या त्याच्या स्नेह्याच्या कवितेवरून दिसते. तसे असेल, तर त्याचा जन्म १७२४ च्या सुमारास झाला असला पाहिजे. त्या वेळी त्साओ युंगला जाऊन नऊ वर्षे लोटली होती. म्हणजे तो पिता असणे शक्यच नाही. उलट, शुए-छिन पन्नाशी गाठण्यापूर्वी वारला, असे दुसऱ्या एका स्नेह्याने नोंदविले आहे. हे खरे मानले, तर जन्म १७१५ पर्यंत मागे नेता येतो आणि त्साओ युंगचा दावा पुन्हा उभा राहतो. १७४४ साली तयार झालेल्या सरकारी वंशावळीत या घराण्याच्या पुढच्या पिढीतील त्साओ थिआन-यू नावाच्या एका अधिकाऱ्याची नोंद आहे. दुसऱ्या एका वंशावळीत त्याला त्साओ युंगचा पुत्र म्हटले आहे. शुए-छिनचे नाव मात्र यांपैकी एकाही वंशावळीत नाही.

दप्तरे मुकी झाली, तेव्हा विद्वान कादंबरीकडे वळले. कादंबरीतील जिआ घराण्यात बाओयू नावाचा लाडका मुलगा आहे. त्याचा करारी पिता त्याला एकदा निर्दयपणे मारतो आणि वृद्ध आजी धावत येऊन नातवाला वाचविते. हा पिता म्हणजे त्साओ फू आणि ती आजी म्हणजे त्साओ यिनची विधवा, असे कित्येकांस वाटते. पण त्याच वाड्यात एक तरुण विधवा आपल्या एकुलत्या मुलाला कष्टाने वाढवीत असते. तिच्यात त्साओ युंगच्या विधवेचे चित्र पाहणारेही आहेत.

अशा वाचकांना लेखकाने आधीच सावध करून ठेवले आहे. ‘जिआ’ या आडनावाचा उच्चार चिनी भाषेत ‘खोटे’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो. कादंबरीत दुसरे एक ‘चन’ नावाचे घराणे आहे. त्याचा उच्चार ‘खरे’ या अर्थाच्या शब्दासारखा आहे. बादशहाचे चार वेळा स्वागत करण्याचा मान लेखकाने या ‘खऱ्या’ घराण्याला दिला आहे! आजोबांच्या घरी घडलेली गोष्ट त्याने अशी हळूच एका शब्दात लपवून ठेवली. कादंबरीत सत्य आहे. पण ते साक्षीदाराच्या जबानीसारखे जसेच्या तसे उचलता येत नाही.

त्साओ फूचे दिवस फार काळ बरे गेले नाहीत. १७२२ साली खांग-शी बादशहा मरण पावला आणि नव्या बादशहाने थकलेल्या रकमांचा हिशेब मागितला. १७२७ सालाच्या अखेरीस त्साओ फू पदच्युत झाला आणि लवकरच घरादारावर जप्ती आली. जप्तीच्या यादीत तेरा ठिकाणची घरे मिळून ४८३ खोल्या होत्या. परंतु धनाच्या जागी सापडल्या त्या शंभराहून अधिक गहाणपावत्या! कुटुंब बीजिंगला आले. त्साओ यिनच्या विधवेला राहण्यासाठी तेथे केवळ साडेसतरा खोल्या देण्यात आल्या.

शुए-छिनचे पुढील आयुष्य दारिद्र्यात गेले. बीजिंगच्या पश्चिमेकडील डोंगरांच्या पायथ्याशी तो राहत असे. घरात पेजेवर दिवस निघत. तो उत्तम चित्रे काढी व ती विकून गुजराण करी. अशा स्थितीत दहा वर्षे खपून त्याने आपली कादंबरी पुनःपुन्हा सुधारून लिहिली. अखेरच्या वर्षी त्याचा लहान मुलगा आजारात दगावला. त्या दुःखाने तो खचला आणि काही महिन्यांतच त्याचेही निधन झाले. त्या वेळी कादंबरीची ऐंशी प्रकरणे हस्तलिखित रूपात मित्रमंडळींत फिरत होती. १७९१ साली ती प्रथम छापली गेली, तेव्हा तिची १२० प्रकरणे झाली होती.

जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याने त्साओंच्या खोल्या मोजल्या, जमिनी मोजल्या. वाड्यातील दासदासींचीही त्याने केवळ संख्या लिहिली. शुए-छिनने मात्र आपल्या कादंबरीतील दासींनाही नावे दिली, स्वभाव दिले, सुखदुःखे दिली. आपल्या सहवासात आलेल्या गुणी मुली विस्मृतीत जाऊ नयेत, म्हणून आपण लिहीत आहोत, असा हेतू त्याने ग्रंथारंभीच सांगितला आहे. ज्याचे स्वतःचे नाव वंशावळीत लिहावयास कोणी उरले नाही, त्याने इतरांची आठवण अशी राखून ठेवली.